डब्याची बाजू

हिवाळा सरत आला की जयपूरला जुन्या मोटारींचा मेळा भरतो, आणि मेळा उठला की पुढे महिनाभर सी-स्कीममधल्या दिवाणखान्यांत एकच वाक्य फिरत राहतं: "खऱ्या गाड्या त्या होत्या, आजच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे." यंदा इथल्या मराठी मंडळींच्या एका जेवणात ते मला उद्देशून बोललं गेलं, कारण माझी स्विफ्ट दाराशी उभी होती. बोलणारे गृहस्थ वयानं आणि मानानं मोठे, निवृत्त अभियंते. कुणा मित्राच्या साठीच्या दशकातल्या एमजीबी या इंग्रज स्पोर्ट्स कारवर त्यांचा जीव जडलेला. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही गाडी चालवत नाही, गाडी तुम्हाला नेते." वाक्य टाळीचं होतं आणि टाळी मिळालीही. जेवणाच्या पंगतीत वाद नको म्हणून मी गप्प बसले. इथे पंगत नाही.

त्यांच्या म्हणण्याचे तीन भाग होते. जुनी स्पोर्ट्स कार जास्त चपळ, जास्त मजबूत, आणि ती चालवायला कसब लागतं, म्हणून ती श्रेष्ठ. अभियंत्यानं असं काही म्हटलं की मला आकडे मागावेसे वाटतात. ज्यांच्या पुतळ्याभोवती आपण रोज स्टॅच्यू सर्कलला गाडी वळवतो, त्या सवाई जयसिंहांनी पोर्तुगालला माणसं पाठवून खगोलशास्त्रज्ञ द ला हायरची ग्रहकोष्टकं मागवली होती. ती आली तेव्हा त्यांनी ती डोक्यावर घेऊन मिरवली नाहीत. आपल्या यंत्रांवरच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. मोटारीनं तेवढी परीक्षा द्यायला हरकत नसावी.

तर एमजीबी. १९६२ साली इंग्लंडमध्ये आली. दोन सीट, कापडी टप, लांबी साधारण ३.८९ मीटर, वजन ९२० किलोच्या आसपास. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. चाकं १४ इंची. आता २०२४ साली आलेली स्विफ्ट घ्या. लांबी ३.८६ मीटर, वजन ९२० किलोच्या आसपास, पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि खालच्या मॉडेलला चाकं १४ इंची. मी हे जुळवून आणलेलं नाही, ते तसं आहे. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाची शक्ती त्या वेळी ९५ अश्वशक्ती छापत असत. सत्तरच्या दशकात मोजणीची पद्धत कडक झाल्यावर तोच आकडा ८४च्या आसपास उतरला. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ८०च्या थोडं वर. थांबलेल्या गाडीला ताशी शंभराच्या घरात न्यायला दोघींनाही बारा सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे ज्या चपळाईवर आमचे स्नेही पाऊण तास बोलले, ती चपळाई माझ्या डब्यात आहे. शिवाय मागच्या सीटवर दोन मुलं, डिकीत भाजी आणि चालू एसी. एमजीबी पेट्रोल पिते लिटरला नऊ किलोमीटरच्या आसपास. स्विफ्टचा छापील आकडा पंचवीसच्या जवळ आहे. शहरात तेवढा मिळत नाही, पंधरा-सोळा धरा. तरी हिशेब तोच राहतो.

"आकड्यांत जीव नसतो" हे उत्तर मला माहीत आहे. पण चपळाईचा मुद्दा काढला कुणी? मी नाही. चपळाईवर हरलं की जिवावर बोलायचं, ही सोय फक्त एका बाजूला कशी काय?

दुसरा मुद्दा मजबुतीचा. बॉनेटवर बोटांनी टकटक करून "हा बघा पत्रा" म्हणणारे लोक प्रत्येक मेळ्यात भेटतात. जाड पत्रा वाकत नाही, हे खरं. आणि तो वाकत नाही म्हणूनच धडकेचा धक्का पत्र्याकडून आतल्या माणसाकडे जातो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनं २००९ साली आपल्या पन्नासाव्या वर्षी १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटरनं एकमेकींवर आदळवली. बेल एअर म्हणजे लांबरुंद, दणकट, टकटक करावी अशी गाडी. तिच्यातल्या चाचणीच्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्याच्या पायाला इजा झाली असती. एवढं पाहूनही पत्र्यावर बोटं वाजवायची असतील तर खुशाल वाजवा.

एमजीबीला मात्र इथे न्याय दिला पाहिजे. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती. एमजीबीत ती काढून टाकली आणि बॉडीच सांगाडा झाली. म्हणजे जाड लोखंडाचा रस्ता सोडणाऱ्यांत तीही होती आणि त्या काळी ती नव्या विचारांची गाडी होती. पुढे अमेरिकेचे नियम आले म्हणून १९७४ साली तिला काळे रबरी बंपर लागले, तिची उंची वाढली, आणि शौकीन आजही त्या बंपरांवर नाक मुरडतात. गाडीला बदलायचं होतं, तिच्या भक्तांना नव्हतं.

आणि सगळे डबे सुरक्षित असतात, असा माझाही दावा नाही. याच स्विफ्टच्या मागच्या पिढीला २०२२ साली धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं पाचपैकी एक तारा दिला होता. त्याची लाज कंपनीला वाटली पाहिजे आणि ती गाडी घेणाऱ्या आपल्यालाही थोडी. पण पुढचंही सांगायला हवं. टाटा नेक्सॉननं २०१८ साली पाच तारे मिळवले, २०२४ साली नव्या डिझायरनं मिळवले, आणि नव्या स्विफ्टच्या अगदी खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅगा आणि गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा आहे. लहान गाडीवर ओरडा झाला, चाचण्या झाल्या, नियम आले, आणि ती सुधारली. जुन्या गाडीवर कुणी ओरडतच नाही. तिला फक्त ओवाळतात.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला ती. एमजीबीचं इंजिन हे बीएमसी कंपनीचं बी-सिरीज. हेच इंजिन १४८९ सीसीचं असताना १९५५च्या एमजीएत दोन कार्बोरेटर लावून बसलं. पुढे आतून मोठं होत होत ते १७९८ सीसीचं होऊन एमजीबीत आलं. आणि तेच १४८९ सीसीचं इंजिन, एका कार्बोरेटरवर, आपल्या हिंदुस्तान अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं. स्टॅच्यू सर्कलजवळच्या सचिवालयात पांढऱ्या अँबॅसडरच्या रांगा लागायच्या, त्यांतल्या कित्येक बॉनेटांखाली एमजीबीचं सख्खं भावंड धापा टाकत होतं. सचिवसाहेबांच्या गाडीला तेव्हा कुणी स्पोर्ट्स कार म्हटल्याचं ऐकलेलं नाही. "अँबी चढावर बसते" हे मात्र सगळ्यांनी ऐकलं आहे.

यात एमजीबीची निंदा नाही. ही तिची खरी थोरवी आहे, आणि तिच्या भक्तांना ती दिसत नाही. ही गाडी राजेरजवाड्यांसाठी नव्हतीच. कुटुंबाच्या साध्या सलून गाडीचं इंजिन, साधे सुटे भाग, आणि त्यातून पगारदार माणसाला परवडेल अशी दोन सीटची मजा. इंग्लंडमध्ये तिची किंमत कर धरून साडेनऊशे पौंडांच्या आसपास होती, तेव्हा जॅग्वार ई-टाइपला एकवीसशेच्या घरात मोजावे लागत. १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत, पक्क्या टपाच्या जीटी मॉडेलसकट, पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पाच लाख! ज्या वस्तूच्या पाच लाख प्रती निघतात तिला दुर्मीळ रत्न म्हणत नाहीत. साठीच्या दशकातल्या एखाद्या इंग्रज गावात एमजीबी ही शाळेतल्या मास्तरांची किंवा बँकेतल्या तरुणाची गाडी असू शकत होती. आज जयपूरमध्ये बँकेतला तरुण काय घेतो? स्विफ्ट.

मग इथे तिला हा राजेशाही साज कुठून चढला? आपल्या आयात धोरणातून. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली गाशा गुंडाळून गेली, कारण नुसती जोडणी करणाऱ्यांना सरकारनं दारं बंद केली होती. त्यानंतर परदेशी स्पोर्ट्स कार भारतात यायची ती वकिलातीतल्या साहेबाबरोबर. साहेब परत निघाला की स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत ती विकली जायची आणि ज्याच्याकडे पैसा आणि ओळख दोन्ही, त्याच्या पोर्चमध्ये जाऊन बसायची. म्हणजे आमच्या स्नेह्यांना एमजीबीत जो दिमाख दिसतो तो बराचसा परमिट-राजचा आहे. गाडी तीच, फक्त आपल्याकडे ती कुणाला मिळत नव्हती. आणि एक आठवण करून द्यायला हवी: गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. दोन सीट, उघडा टप, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. एमजीबीच्याच वळणाची गाडी, तीही घरची. फार थोड्या विकल्या गेल्या. तिच्यासाठी हळहळणारा माणूस मला अजून मेळ्यात भेटलेला नाही.

एमजीच्या अष्टकोनी बिल्ल्याची गंमत आणखी पुढे जाते. एमजी हे नाव आज चीनच्या सायक कंपनीकडे आहे. भारतात ती जेएसडब्ल्यूबरोबर गुजरातमधल्या हलोलला गाड्या बनवते. त्यांची कॉमेट नावाची विजेवर चालणारी गाडी तीन मीटरसुद्धा भरत नाही. शक्ती ४२ अश्वशक्ती, बॅटरी १७.३ किलोवॅट तासांची. पृथ्वीराज रोडवर ती दिसली की लोक "खेळणं" म्हणून हसतात आणि त्याच बिल्ल्याची साठ वर्षांपूर्वीची गाडी आली की टोपी काढतात. दोघींचा उद्देश काय, हे कुणी विचारत नाही. गर्दीच्या शहरात थोड्या जागेत, थोड्या खर्चात आपल्यापुरती गाडी असावी, हा जुन्या एमजीच्या अधिक जवळचा विचार आहे. बिल्ला ज्यांच्याकडे गेला त्यांनी आणखी मोठमोठ्या गाड्यांवरही तो लावला, ते सोडून देऊ.

तिसरा मुद्दा कसबाचा. खरं तर टोला इथेच होता. जड क्लच, पॉवर नसलेलं स्टिअरिंग, सकाळी चोक ओढून केलेली मनधरणी, हे सगळं ज्याला जमतं तो खरा ड्रायव्हर, आणि ज्याला नको वाटतं त्याला गाडी "नेते". या व्याख्येत कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं ते पाहा. आमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायका सी-स्कीमच्या रुंद रस्त्यांवर, मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत खास आखलेल्या या वस्तीत, आयुष्यभर मागच्या सीटवर बसल्या. त्यांना कसब नव्हतं म्हणून नाही. घरात एक गाडी, ती जड, आणि ती "त्यांची". हलका क्लच, पुढे गिअरसुद्धा आपोआप पडणारी लहान गाडी आली, आणि शेजारच्या सत्तरीच्या आजी स्वतः गाडी घेऊन चौमू हाउसच्या गोलावरून बँकेत जाऊ लागल्या. त्यांना गाडी नेते का? नेऊ दे. इतकी वर्षं नवरा नेत होता.

कसबाबद्दल आणखी एक. स्टिअरिंगच्या बाबतीत मी माघार घेते. विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग रस्त्याबद्दल फारसं काही सांगत नाही. एमजीबीचं सांगतं, खडा लागला तरी सांगतं. ती संवेदना खरी आहे आणि नव्या गाडीत ती हरवली आहे. पण मे महिन्यात दुपारी, पंचेचाळीस अंशांत, पाँच बत्तीला ई-रिक्षांच्या मधोमध उभं राहून रेडिएटरच्या काट्याकडे बघत बसणं, याला संवेदना म्हणत असतील तर ती त्यांनाच लखलाभ.

"पण जुनी गाडी घरी दुरुस्त होते" हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेते, कारण तो खरोखर कुणाच्या तरी कामाचा आहे. पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचा, कार्बोरेटर ट्यून करायचा, हे मिस्त्रीच्या हातचं काम होतं, आणि अँबॅसडरच्या जोरावर जयपुरात असे हात पुष्कळ तयार झाले. नव्या गाडीत काहीही झालं की लॅपटॉप लावतात आणि पूर्ण असेंब्लीच बदलायला सांगतात. याचा राग मलाही येतो. पण हा राग कंपन्यांनी दुरुस्तीचं दार बंद ठेवण्यावर आहे, लहान गाडीवर नाही. उलट स्विफ्टचा क्लच बदलणारा माणूस कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो. एमजीबीचा भाग इंग्लंडहून कुरियरनं येतो आणि त्यावर सीमाशुल्क लागतं. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केट त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणजे त्याही बदला. इंग्लंडमध्ये तर १९८८ पासून एमजीबीची कोरी करकरीत बॉडीसुद्धा बनवून मिळते. ती बसवलेल्या गाडीत नेमका "जुना जीव" कुठे राहतो, हे कुणीतरी मला दाखवावं.

अलीकडे एक हिरवा युक्तिवादही निघाला आहे: नवी गाडी बनवताना कार्बन बाहेर पडतो, जुनी जपली तर तो वाचतो. गणित करून पाहा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एमजीबी वर्षाला हजार किलोमीटर फिरली तर सुमारे अडीचशे किलो. माझी स्विफ्ट दहा हजार किलोमीटर फिरली तर चौदाशेच्या वर. म्हणजे एमजीबी जिंकली? जिंकली, कारण ती बाकीचे दिवस आच्छादनाखाली उभी होती. किलोमीटरमागे पाहिलं तर ती जवळपास पावणेदोनपट ओकते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे धुराचं विष वेगळंच. शिवाय तिचा मालक बाकीच्या दिवशी पायी फिरत नाही. त्याच्या पोर्चमध्ये दुसरी, नवी, बहुधा माझ्याहून मोठी गाडी असते. तिचा कार्बन कुणाच्या खात्यात?

या वादाचा निकाल तसा सरकारनं देऊन टाकला आहे. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार रुपये, आणि नंबर पाटीवर "व्हीए" ही अक्षरं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. आणि मुख्य अट अशी की ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. अट शहाणपणाची आहे, मला मान्य आहे. पण "ही खरी गाडी" म्हणणाऱ्यांनी ही अट आनंदानं मान्य केलेली असते. जी गाडी चालवायचीच नाही तिच्या चालवण्याच्या गुणांवरून माझ्या गाडीला डबा का म्हणायचं?

जुन्या गाड्या जपू नयेत असं मी म्हणत नाही. थंडीतल्या सकाळी टप उघडून सिव्हिल लाइन्सच्या रिकाम्या रस्त्यावर एमजीबी ताशी साठनं जाते, तेव्हा जमिनीला इतकं लागून बसल्यामुळे ते साठ शंभरासारखे वाटतात. मी बाजूला बसले आहे, मला माहीत आहे. कमी वेगात जास्त मजा देणं हे मोठंच कौशल्य आहे आणि नव्या गाड्यांच्या कारागिरांनी ते शिकायला हवं. मजा म्हणून ती गाडी मला आवडते. श्रेष्ठत्वाचा दाखला म्हणून आणली, की मग नाही.

शेवटी मेळ्याच्या आयोजकांना एक सूचना. पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिच्या मालकाला मिळाली. पुढे ती गंजत पडली होती, आता दुरुस्त होऊन कंपनीच्या मुख्यालयात उभी आहे. १९८३ साली अँबॅसडरवाले तिला काय म्हणत? डबाच. त्या वर्षीच्या ज्या ८०० अजून मूळ रूपात चालू असतील, त्यांना २०३३ संपता संपता व्हीए पाटी मागता येईल. तेव्हा ७९६ सीसीची ती चिमुकली गाडी जॅग्वारच्या शेजारी उभी करायची की मंडपाच्या मागे, हे आत्ताच ठरवून ठेवा. आणि तिच्या बॉनेटवर बोटं वाजवत, "खऱ्या गाड्या या होत्या, आजच्या म्हणजे नुसते डबे" असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. स्विफ्ट तेव्हा दहा वर्षांची झालेली असेल, पण चालू असेल.